बोलिव्हिया फिरताना या चुका टाळा (नकाशा आडवा नाही, उभा बघा)

कामानिमित्त मी अडीच वर्षं सांताक्रूझला होतो (मुंबईचं नव्हे, बोलिव्हियातलं), आणि त्या काळात ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, नाशिक-पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे किमान तीसेक लोक तरी मला प्लॅन पाठवून "जरा बघ ना बरोबर आहे का" विचारायचे. तीसपैकी पंचवीस प्लॅनमध्ये त्याच चुका. परत आल्यावरही मेसेज थांबलेले नाहीत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढे लिंक देईन.

सगळ्यात मोठी चूक, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे कारण यात जीव जाऊ शकतो. लोक तिकीट स्वस्त मिळालं म्हणून थेट ला पाझला उतरतात. नकाशावर सगळी शहरं शेजारी-शेजारी दिसतात ना, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी काय फरक पडतो असं वाटतं. पण हा देश आडवा बघायचा नाहीच, उभा बघायचा. सांताक्रूझ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटर, कोचाबांबा २५५० च्या आसपास, सुक्रे २८००, ला पाझ ३६००, पोतोसी ४००० च्या वर. आणि ला पाझचा विमानतळ शहरात नाहीच, तो वर, एल आल्तो या शेजारच्या वेगळ्या शहरात आहे, ४०६१ मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानाचं दार उघडतं तेव्हा तुम्ही जवळपास अडीच कळसूबाई एकावर एक ठेवून त्याच्या टोकावर उभे असता, आणि तेही एक पाऊल न चढता, शरीराला काही कळायच्या आत.

माझा मावसभाऊ आणि त्याचे तीन मित्र असेच उतरले. चौघंही पक्के ट्रेकवाले, राजगड-तोरणा एका दिवसात करणारे, त्यामुळे मी फोनवर सांगितलेलं त्यांनी "अरे आपल्याला सवय आहे" म्हणून सोडून दिलं. पहाटे तीनला उतरले, हॉटेलचे तीन मजले बॅगा घेऊन चढले, दुपारी बाजार पालथा घातला, रात्री बिअर आणि भरपेट जेवण. दुसऱ्या रात्री एकाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, त्यांनी एक पेनकिलर देऊन झोपवलं. सकाळी मला फोन आला की हा काहीतरी असंबद्ध बोलतोय, रूम नंबर विचारला तर पुण्यातल्या फ्लॅटचा सांगतोय. मी म्हटलं त्याला फरशीच्या रेषेवरून सरळ चालायला लाव, पावलापुढे पाऊल ठेवून. तो दोन पावलं टाकून भिंतीवर गेला. ते ऐकल्यावर माझ्या हातातला चहा तसाच राहिला, कारण उंचीमुळे मेंदूला सूज यायला लागली की तोल असाच जातो. त्याला ताबडतोब हॉस्पिटलला हलवलं, ऑक्सिजन, इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्यावर खाली सांताक्रूझला माझ्याकडे आणलं. संध्याकाळी अंगणात खुर्चीत बसून त्याने वरणभात मागितला तेव्हा मावसभाऊ आत जाऊन रडला. दोन-तीन तास उशीर झाला असता तर काय, हा विचार मला अजूनही नको वाटतो.

ट्रेकिंगचा फिटनेस इथे कामाला येत नाही, हे प्लीज डोक्यात घ्या. ३६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही दोन तृतीयांशच मिळतो, मग तुमची मांडी कितीही दणकट असो. उलट तरुण आणि फिट लोकच पहिल्या दिवशी धावपळ करतात आणि आडवे होतात. तिथले लोक या त्रासाला सोरोचे म्हणतात आणि हॉटेलात शिरल्या-शिरल्या कोकाच्या पानांचा चहा देतात. तो प्या, बरं वाटतं, पण तो प्यायला म्हणजे वर पळायला मोकळे असं नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो, याला कोणी नियम म्हणू नका. मी पाहुण्यांना आधी सांताक्रूझला उतरवायचो, दोन दिवस झोप आणि जेट लॅग, मग विमानाने पाऊण तासात सुक्रे, तिथे किमान तीन रात्री, मग पोतोसी, उयुनी, आणि ला पाझ सगळ्यात शेवटी. या क्रमाने नेलेल्यांपैकी कोणालाही डोकेदुखीच्या पुढे काही झालं नाही. ला पाझलाच उतरावं लागणार असेल तर पहिल्या दोन रात्री एल आल्तोत किंवा सेंटरमध्ये नका काढू, टॅक्सी करून थेट खाली सोना सूर भागात जा, तो शहराच्या मध्यापेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे आणि तेवढ्यानेही झोप सुधारते. पहिल्या दिवशी जेवण हलकं, दारू अजिबात नाही, जिने सावकाश. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर, मित्राने घेतली म्हणून मी पण घेतो हे नको. आणि तोल जाणं, बडबड, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, डॉक्टर आणि खाली उतरणं, बस.

उयुनीच्या मिठागराची तीन दिवसांची टूर घेणारेही हेच विसरतात. मिठागर ३६५० ला आहे म्हणून निश्चिंत असतात, पण तीच टूर पुढे तळी आणि गिझरकडे (बाथरूममधला नव्हे, जमिनीतून उसळणारी वाफ आणि गरम पाणी) जाते, गिझरपाशी तर ४८०० च्या पुढे, आणि दुसऱ्या रात्री बहुतेक वेळा ४००० च्या वर झोपायचं असतं. ही टूर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नको, कितीही फोटो काढायची घाई असली तरी.

आता दुसरी चूक, प्लॅन घट्ट बांधणं. आठ दिवसांत पाच शहरं, रात्री बस, सकाळी उतरून लगेच फिरणं, शेवटच्या दिवशी बसमधून उतरून थेट आंतरराष्ट्रीय विमान. एक्सेलमध्ये छान दिसतं. बोलिव्हियात ब्लोकेओ नावाचा प्रकार आहे, म्हणजे रस्ता रोको, आणि तो आपल्याकडच्यासारखा दोन तासांत आटपत नाही. कधी एक दिवस, कधी आठवडे. ट्रक आडवे लावतात, दगड टाकतात, टायर पेटवतात आणि शांतपणे बसून राहतात. तिथल्या माणसाला यात नवल वाटत नाही, आपली मागणी सरकारपर्यंत पोचवायचा त्यांचा तो जुना मार्ग आहे.

एकदा मी सुक्रेहून पोतोसीला निघालो होतो, एरवी तीन तासांचा रस्ता. शेवटच्या टप्प्यात बस थांबली, ड्रायव्हर म्हणाला पुढे ब्लोकेओ, ज्यांना जायचंय त्यांनी चालत पलीकडे जा, तिकडे गाड्या मिळतील. याला ते ट्रान्सबोर्दो म्हणतात. साडेतीन-चार किलोमीटर, जवळपास ४००० मीटर उंचीवर, आणि माझ्याकडे चाकांची सुटकेस. दगडांवर तिचं एक चाक पहिल्या दहा मिनिटांत गेलं. माझ्या पुढे साठीची एक बाई चालत होती, पाठीवर रंगीत पट्ट्यांच्या आग्वायोत (ओझं बांधायच्या कापडात) बांधलेलं बटाट्याचं पोतं, हातात नातवाचा हात, आणि ती दर पन्नास-साठ पावलांना थांबायची, दोन श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. मी तिच्या मागे तसंच चालायला लागलो आणि तेव्हाच पोचलो. आंदोलकांजवळून जाताना मोबाइल खिशात ठेवला, "बुएनोस दियास, कोन पेर्मिसो" (नमस्कार, जरा जाऊ द्या) म्हटलं, त्यांनी मान हलवून वाट दिली. तिथे फोटो-व्हिडिओ काढू नका, वाद घालू नका.

त्या दिवसापासून मी सुटकेस नेणं बंद केलं, पाठीवरची बॅग आणि तीही दहा-बारा किलोच्या आत. दर चार दिवसांमागे एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा, आणि परतीचं विमान ज्या शहरातून आहे तिथे दोन दिवस आधी येऊन बसायचं. "दोन दिवस वाया" असं ज्यांना वाटतं त्यांना माझं एकच सांगणं, सहा महिने पैसे साठवून इतक्या लांब जाताय तर अजून दोन दिवस रजा टाका, किंवा दोन शहरं कमी करा. सकाळी निघताना बस टर्मिनलवर जाऊन रस्ता चालू आहे का ते तोंडाने विचारा, अॅपवर तिकीट दिसतंय याला काही अर्थ नाही. आणि हो, टर्मिनलमध्ये तिकिटाखेरीज टर्मिनल वापरायची दोन-तीन बोलिव्हियानोची (हे तिथलं चलन) वेगळी पावती घ्यावी लागते, ती नसेल तर ऐन वेळी परत खिडकीवर पळावं लागतं.

कपडे. सांताक्रूझ गरम म्हणून लोक तिथे फक्त टी-शर्ट घालून फिरतात आणि स्वेटर वरच्या शहरांसाठी तळाशी ठेवतात. जून-जुलैमध्ये दक्षिणेकडून सुरासो वारा आला की तिशीतलं तापमान एका रात्रीत १०-१२ वर येतं, आणि घरांमध्ये हीटर नसतात. वर अल्टिप्लानोवर (उंचावरच्या पठारावर) उलट, दुपारी ऊन भाजतं आणि रात्री शून्याखाली. रात्रीच्या बसमध्ये ब्लँकेट सीटवर जवळ ठेवा, डिकीत नाही.

शाकाहारी मंडळींनो, "सिन कार्ने" म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी चिकन हे कार्नेत धरतच नाहीत. "नि पोयो, नि काल्दो दे कार्ने" म्हणजे चिकन नको, मांसाचं पाणीही नको, असं पूर्ण सांगा. सोपा दे मानी नावाचं शेंगदाण्याचं सूप मिळतं, पहिल्या चमच्याला आपली दाण्याची आमटीच आठवते, पण ते बहुतेक मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, तेव्हा विचारून घ्या. मांस खाणाऱ्यांनी सालतेन्या (रसदार सारणाची भाजलेली करंजी, सहसा मांसाची) सकाळीच खायची, दुपारपर्यंत संपते. आणि घरून तूरडाळ घेऊन जाणाऱ्यांनो, ला पाझला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली टचटच लागते. कुकर मिळणार नसेल तर पोहे किंवा पातळ मुगाची डाळ न्या.

पैसे. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, कोपरा फाटलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट कोणी घेत नाही. २०० बोलिव्हियानोची नोट टॅक्सीत किंवा भाजीबाजारात काढली तर सुटे नाहीत असंच उत्तर येणार, त्या सुपरमार्केटमध्ये मोडून ठेवा.

एल आल्तो म्हणजे फक्त विमानतळ समजून सोडून देऊ नका, पण जायचं ते शेवटच्या दिवसांत. ला पाझमध्ये २०१४ पासून केबल कार आहे, तेलेफेरिको, आता १० लाइन, आणि ती पर्यटकांसाठी नाही, रोज ऑफिसला जाणाऱ्या लोकांसाठी आहे. गुरुवारी किंवा रविवारी लाल लाइनने वर जा, तिथला बाजार बघा, मग पिवळ्या लाइनने उतरून त्याच स्टेशनवर हिरवी पकडून सोना सूरपर्यंत या. टूरवाले याच फेरीचे भरपूर पैसे घेतात, तुम्हाला ती थोड्याशा बोलिव्हियानोत पडते.

कोकाचा चहा कितीही आवडला तरी टी-बॅग घरी आणू नका, भारतात कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. यलो फीव्हरची लस जाण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायला लागते, आणि लसीच्या दाखल्याचं ते पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही, कारण परत मुंबईत उतरल्यावर बॅगा यायच्या आधीच आरोग्य अधिकारी ते मागू शकतात, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात.