अणू, रेणू आणि वजनकाटा: या चुका टाळा

हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाण, पाणी. हे समीकरण संतुलित करायला दिलं की दरवर्षी कुणीतरी तोच पराक्रम करतं. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. मग उजवीकडच्या ‘ओ’च्या पायाशी गुपचूप २ लिहून टाकायचा. दोन्हीकडे दोन-दोन, हिशेब जुळला, पेन खाली. “बाई, झालं!”

झालं खरं, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. जखम धुवायला आणि केसांचा रंग उडवायला वापरतात ते. मी त्या वहीवर लाल शाईने एवढंच लिहिते: ‘हे पिऊ नकोस.’

पायाशी बसलेला आकडा सांगतो की एक रेणू कशाकशाचा बनलाय. सूत्राच्या आधी लिहिलेला आकडा सांगतो की असे रेणू किती आहेत. दुसरा आकडा आपल्या हातात आहे, पहिला नाही. पायाशीचा आकडा कुणीतरी वजनकाट्यापुढे बसून, वायूंची आकारमानं मोजून काढलेला असतो. तो जमवायलाही सोपा गेला नाही. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने पाण्याचा रेणू म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं सरळ धरलं, कारण काही माहीत नसताना सगळ्यात साधी जोडी तीच. त्यामुळे १८०८ च्या त्याच्या पुस्तकात हायड्रोजन १ धरल्यावर ऑक्सिजनचं वजन ७ आलं. मोजमापही जरा ढिलं होतं, नाहीतर ८ आलं असतं. अव्होगाड्रोने १८११ मध्ये सुटकेची वाट दाखवली (सारख्याच तापमान-दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणू समान असतात), पण तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या रसायनशास्त्र परिषदेत कॅनिझारोने तोच मुद्दा पुन्हा मांडला, तेव्हा कुठे गाडी रुळावर यायला लागली. पन्नास वर्षं लागली त्या पायाशीच्या २ ला, आणि आमचा दहावीतला वीर तो पाच सेकंदांत इकडचा तिकडे करतो!

माझी सवय सांगते. समीकरण लिहिलं की आधी प्रत्येक सूत्राभोवती पेन्सिलने चौकट काढायची. चौकटीच्या आत पेन न्यायचं नाही, सगळे आकडे चौकटीबाहेर, डावीकडे. हुशार मुलांना हे पोरकट वाटतं. वाटू दे. चौकट सोडून देणाऱ्यांत मी हुशारच जास्त पाहिलेत.

चौकटीची खरी परीक्षा ब्युटेनच्या ज्वलनाला होते. ब्युटेनमध्ये कार्बन ४, हायड्रोजन १०. मी आधी कार्बन जुळवते, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण तो एकटा मोकळा उभा असतो, त्याला कितीने गुणलं तरी बाकीचे बिघडत नाहीत. कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ५. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू मोजा: ८ आणि ५, एकूण १३. ऑक्सिजनच्या रेणूत अणू दोन, म्हणजे साडेसहा रेणू हवेत. इथे पोरांचा धीर सुटतो आणि हात पुन्हा पायाशी जातो. अरे, साडेसहा आले तर सगळ्याची दुप्पट करा की! ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. शेवटी पुन्हा मोजायचं: ऑक्सिजनचे अणू डावीकडे २६, उजवीकडे १६ अधिक १०. ‘बघताक्षणी समीकरण जुळवा’ छापाच्या युक्त्या शिकून आलेले हे शेवटचं मोजणं हमखास गाळतात, आणि त्यांचे गुण तिथेच जातात.

वस्तुमान ‘नाहीसं’ होतं तेव्हा

ही दुसरी चूक मुलांच्या आधी मी केली होती, म्हणून जरा लांबण लावते.

नोकरीचं दुसरं वर्ष. द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे रासायनिक अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही हे, करून दाखवायचं होतं. उघड्या शंकुपात्रात आम्ल आणि कार्बोनेट घालून ‘वजन कमी झालं, नियम खोटा’ म्हणणारे मला माहीत होते. वायू उडून गेला, त्याचं वजन कोण करणार? मी शहाणी, मी फुगा आणला. पात्रात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, फुग्यात एक ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटची भुकटी, फुग्याचं तोंड पात्राच्या तोंडावर ओढून बसवलेलं. काटा शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वजन फळ्यावर लिहिलं, फुगा उभा केला, भुकटी खाली पडली, फसफस झाली, फुगा टम्म. पुन्हा काट्यावर ठेवलं तर जवळजवळ पाव ग्रॅम कमी!

गळती असणार. फुगा बदलला, दोऱ्याने घट्ट बांधला. पुन्हा तेवढंच कमी. तिसऱ्यांदा सांध्याला व्हॅसलीन लावलं. पुन्हा तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, म्हणजे नियम चुकीचा का?” मी म्हणाले, “काटा बिघडलाय.” वर्गाने मान डोलावली आणि घंटा झाली.

काटा ठणठणीत होता. त्या रात्री कागदावर हिशेब मांडला तेव्हा उलगडलं. एक ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटमधून ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि खोलीच्या तापमानाला तो साधारण २४० मिलिलिटर जागा व्यापतो. फुगा फुगतो म्हणजे तेवढी हवा बाजूला सारतो. एक लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून २४० मिलिलिटरचं सुमारे ०.२९ ग्रॅम. बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकं बल फुग्याला वर उचलतं. तोच आर्किमिडीज, ज्याचा धडा मी दोन महिन्यांपूर्वी शिकवला होता. थोडा वायू आम्लातच विरघळून राहतो, थोडा ताणलेल्या फुग्यात दाबला जातो, म्हणून घट ०.२९ पेक्षा जरा कमी दिसली. वस्तुमान कुठेही गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकापाशी जाऊन सांगितलं, “काटा बरोबर होता, बिघडले होते मी.”

तेव्हापासून फुगा बंद. जाड प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली, घट्ट फिरकीचं झाकण, थोडं विरल आम्ल आणि कार्बोनेट एकच ग्रॅम, कागदाच्या पुडीत. पुडी आत टाकून लगेच झाकण आवळायचं. बाटलीचं आकारमान फारसं बदलत नाही, म्हणून काटा हलत नाही. मग झाकण हळूच सैल करायचं, फुस्स होऊ द्यायचं आणि पुन्हा वजन करायचं. आता घट दिसते, आणि ती का दिसते हे कुणाला सांगावं लागत नाही. काचेची बाटली चुकूनही घेऊ नका, आणि एका ग्रॅमचे पाच करायचा उत्साह आवरा. वायूची कटकटच नको असेल तर कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम कार्बोनेटची द्रावणं एकत्र करा. पांढरा साका बसतो, वजन तेवढंच राहतं.

फजिती माझ्या एकटीची नाही, एवढाच दिलासा. रॉबर्ट बॉइलने धातू बंद भांड्यात तापवला, पण वजन केलं ते भांडं उघडल्यावर. ते वाढलेलं दिसलं, तेव्हा त्याला वाटलं, आगीचे कण काचेतून आत शिरले. लाव्हाझिएने १७७४ मध्ये कथिल तसंच तापवून भांडं न उघडता वजन केलं. फरक शून्य. उघडल्यावर हवा आत शिरताना आवाज झाला आणि मग वजन वाढलं. ‘बंद व्यवस्था’ हे शब्द व्याख्येतून गाळणाऱ्यांचा म्हणूनच मी अर्धा गुण कापते.

बाकीच्या चुका

अणू आणि रेणू. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू जोडले की रेणू. हिंदीत मात्र ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते ‘परमाणु’ म्हणतात. हिंदी व्हिडिओ बघून मराठीत पेपर लिहिणारी मुलं इथे हमखास घसरतात. व्हिडिओ बघा, पण वहीच्या पहिल्या पानावर ही जोडी लिहून ठेवा.

संज्ञेतलं दुसरं अक्षर लहानच काढा. मोठा सी, लहान ओ म्हणजे कोबाल्ट. दोन्ही मोठी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू.

कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचा कंस खाल्ला तर सूत्राचं वस्तुमान ७४ चं ५८ होतं.

सूत्र लिहिताना संयुजांची (अणूच्या जोडणीच्या क्षमतेच्या आकड्यांची) तिरकी अदलाबदल केल्यावर आकडे लहान करायचे असतात, म्हणून मॅग्नेशिअम ऑक्साइडला २-२ नको. पण हायड्रोजन पेरॉक्साइडचे २-२ तसेच ठेवा, कारण तो रेणू खरोखरच चार अणूंचा आहे.

मिठाच्या स्फटिकात सोडिअम क्लोराइडचे सुटे रेणू नसतात, आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, जाळी असते. त्याला ‘रेणू’ लिहिलं की मी फक्त भुवई उंचावते, गुण कापत नाही.

स्थिर प्रमाणाच्या नियमात पाण्यासाठी ‘२:१’ लिहू नका. ते अणूंचं प्रमाण झालं. नियम वस्तुमानाचा आहे, तिथे १:८. दहा ग्रॅम हायड्रोजन आणि दहा ग्रॅम ऑक्सिजन दिले की ‘वीस ग्रॅम पाणी’ हे उत्तर घाईवाल्यांच्या जिभेवर तयारच असतं. पाणी ११.२५ ग्रॅमच होतं आणि ८.७५ ग्रॅम हायड्रोजन जोडीदाराविना उरतो.

राहता राहिला मोल, म्हणजे ठरावीक संख्येच्या कणांचा गठ्ठा. ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हटलं की आधी विचारा, अणूंचा की रेणूंचा? १६ ग्रॅम की ३२? त्याहून मोठा गोंधळ २२.४ लिटरचा. हा आकडा वायूचा, तोही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. एकदा उत्तरपत्रिकेत ‘एक मोल पाणी = २२.४ लिटर’ असं अधोरेखित करून लिहिलेलं मिळालं, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. आता मी मोजपात्रात १८ मिलिलिटर पाणी ओतते आणि ते वर्गभर फिरवते. यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू आहेत, असं सांगते. पात्र हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जातं आणि तिथून आवाज येतो, “बाई, एवढंसंच?”