खरबूज, काकडी आणि ओल्या नारळाची उन्हाळी स्मूदी: दूध, दही आणि मधाशिवाय

उन्हाळा सुरू झाला की बाजारात खरबुजांचे ढीग दिसू लागतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत हे फळ मुबलक मिळत राहते. बहुतेक घरांत ते फोडी करून, वर थोडी साखर भुरभुरून खाल्ले जाते; फार तर दुधात घालून त्याचा मिल्कशेक होतो. माझ्या मते या फळाचे खरे चीज होते ते काकडी आणि ओल्या नारळाच्या दुधाबरोबर केलेल्या दाट, थंड स्मूदीत. खरबूज आणि काकडी ही एकाच कुळातली, इतकेच नव्हे तर अगदी जवळच्या नात्यातली फळे आहेत. त्यामुळे दोघांचा वास एकमेकांत सहज मिसळतो आणि काकडी घातली आहे हे सांगितल्याशिवाय कळतही नाही.

ही स्मूदी पूर्णपणे वीगन आहे. ‘वीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला आणि त्याचा अर्थ प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न वापरणे असा आहे. आपल्याकडे शाकाहारात दूध, दही, तूप आणि मध सहज चालत असल्यामुळे हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो. गोडीसाठी सवयीने घातलेला चमचाभर मधसुद्धा स्मूदीला वीगन राहू देत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठीही ही कृती सोयीची आहे.

दूध आणि दही वगळल्यावर खरा प्रश्न उरतो तो दाटपणाचा. नेहमीच्या स्मूदीला अंग येते ते दह्यामुळे. ते काढून टाकले की लोक त्याच्या जागी पाणी आणि बर्फ घालतात, आणि तिथेच सगळे बिघडते. खरबुजात सुमारे ९० टक्के आणि काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. त्यात आणखी पाणी ओतले तर हाती येते ते फिकट सरबत. सुरुवातीला मीही मूठभर बर्फ घालत असे. पाच मिनिटांत पेल्यात वर फेस, मध्ये चोथा आणि तळाशी पाणी असे तीन थर स्पष्ट दिसत. तेव्हापासून मी या स्मूदीत बर्फ घालणे पूर्णपणे बंद केले. थंडावा द्यायचा तो गोठवलेल्या खरबुजाने, आणि दाटपणा आणायचा तो नारळाच्या स्निग्धतेने आणि खजुराने. या कृतीतील बाकी सगळे तपशील या एका गोष्टीभोवती फिरतात.

तीन मध्यम पेल्यांसाठी सोललेल्या, बिया काढलेल्या खरबुजाच्या सुमारे ४०० ग्रॅम फोडी घ्याव्यात. एका मध्यम आकाराच्या फळातून इतका गर आरामात निघतो. त्याबरोबर साधारण १५० ग्रॅम वजनाची एक काकडी, एक वाटी खवलेला ओला नारळ, बिया काढलेले दोन खजूर, पुदिन्याची दहा-बारा पाने, आल्याचा नखाएवढा तुकडा, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव लागेल. सब्जा आवडत असल्यास त्याचे एक चमचा बी वेगळे भिजवून ठेवावे.

खरबूज निवडताना डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवावा. पिकलेल्या जाळीदार खरबुजाचा देठाकडचा भाग नाकाशी नेला की गोड वास येतो. वास नसेल तर रंग कितीही सुंदर असला तरी फळ कच्चे असण्याचीच शक्यता अधिक. देठाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्याने हलके दाबले असता ते किंचित दबले पाहिजे, मात्र बोट आत रुतता कामा नये. सालीवरची जाळी उठावदार आणि तिच्यामागचा रंग हिरवट न राहता पिवळसर झालेला असावा. हातात घेतल्यावर फळ त्याच्या आकाराच्या मानाने जड लागले तर तेच घ्यावे.

साल खायची नसते म्हणून खरबूज धुतले नाही तरी चालते, हा समज मला अतिशय धोकादायक वाटतो. हे फळ जमिनीला टेकून वाढते आणि त्याच्या जाळीच्या खाचांत माती आणि जिवाणू घट्ट बसतात. सुरी फिरवली की ते सालीवरून थेट गरात जातात, आणि स्मूदी तर आपण शिजवतही नाही. २०११ साली अमेरिकेत लिस्टेरिया या जिवाणूने दूषित झालेल्या खरबुजांमुळे तीसहून अधिक माणसे दगावली होती. म्हणून अख्खे फळ वाहत्या पाण्याखाली धरून भाज्यांसाठी राखलेल्या ब्रशने घासावे, स्वच्छ फडक्याने कोरडे करावे आणि मगच कापावे. गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी करताना तर यात जराही हयगय करू नये.

कापलेल्या फोडींपैकी तीन चतुर्थांश फोडी गोठवायच्या आणि उरलेल्या ताज्या ठेवायच्या. फोडी साधारण सुपारीएवढ्या कराव्यात, स्टीलच्या ताटलीत एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसराव्यात आणि चार-पाच तास, किंवा सोयीचे असेल तर रात्रभर, फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. सगळ्या फोडी एका डब्यात कोंबून गोठवल्या तर त्यांचा एकच दगडासारखा गोळा होतो आणि घरगुती मिक्सरला तो फुटत नाही. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फोडतात. म्हणूनच गोठवलेले फळ वाटल्यावर ताज्या फळापेक्षा जास्त मऊ आणि एकजीव होते. हा गुण फोडी करून खाताना त्रासदायक ठरतो, स्मूदीत मात्र तोच हवा असतो.

काकडीच्या बाबतीत एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती काटेकोरपणे पाळावी: प्रत्येक काकडी भांड्यात घालण्यापूर्वी चाखून पाहावी. देठाकडचे टोक कापून घासण्याची पद्धत आपल्या घरोघरी आहे आणि तिच्यामागे कारणही आहे, कारण काकडीला कडू करणारी कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये देठाच्या बाजूला आणि सालीलगत अधिक असतात. तरीही नुसत्या घासण्यावर विसंबू नये. देठाकडची एक पातळ चकती जिभेवर ठेवून पाहावी. कडवटपणा जाणवला तर दुसरी काकडी घ्यावी. न चाखता घातलेल्या एका काकडीमुळे पाहुण्यांसाठी केलेले पूर्ण भांडे मला एकदा टाकून द्यावे लागले आहे. काकडीऐवजी कोणी कच्चा दुधी वापरणार असेल, तर हा नियम जिवाइतका मोलाचा समजावा. कडू दुधीचा रस प्यायल्याने लोक गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्याही घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये असे बजावले आहे. कडवटपणा साखरेने किंवा लिंबाने झाकण्याचा प्रयत्न कधीही करू नये. काकडीची साल कोवळी असेल तर तशीच ठेवावी, जून असेल तर काढावी. मोठ्या बिया असतील तर त्याही चमच्याने खरवडून काढाव्यात.

नारळाचे दूध घरी काढायला दहा मिनिटेही लागत नाहीत. खवलेला नारळ मिक्सरमध्ये घालून त्यात अर्धी वाटी कोमट पाणी ओतावे, बारीक वाटावे आणि स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून घट्ट पिळावे. पाणी कोमटच हवे, कारण उबेने नारळातला स्निग्ध अंश मोकळा होतो आणि दूध दाट निघते. सोलकढीसाठी आपण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही पाणी घालून पिळतो, येथे मात्र पहिल्या पिळण्यातले दाट दूधच वापरावे. उरलेला चोथा भाजीत किंवा चटणीत घालता येतो. खरबूज केशरी गराचे असेल तर त्यातील बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते ते केशरी रंगद्रव्य) शरीरात शोषले जाण्यास ही स्निग्धता मदत करते, हा आणखी एक फायदा. बाजारातले तयार नारळाचे दूध वापरायचे असल्यास ते न गोडवलेले घ्यावे आणि फार घट्ट असेल तर त्यात तितकेच शहाळ्याचे पाणी मिसळावे.

आता वाटण्याचा क्रम. मिक्सरच्या उंच भांड्यात प्रथम काकडीचे तुकडे, खजूर, आले, पुदिना आणि नारळाचे दूध घालून सुमारे एक मिनिट फिरवावे. खजूर कडक असतील तर ते आधी अर्धा तास याच दुधात भिजत ठेवावेत. हे मिश्रण पूर्ण गुळगुळीत झाले की त्यात ताज्या फोडी घालून पुन्हा फिरवावे. गोठवलेल्या फोडी अगदी शेवटी घालाव्यात. त्या फ्रीझरमधून काढून पाच मिनिटे बाहेर ठेवल्या तर पात्यांवर आणि मोटरवर ताण येत नाही. त्या घातल्यावर सलग फिरवत न बसता थांबून थांबून, दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत आणि मध्ये एकदा मिक्सर बंद करून बाजूला चिकटलेले मिश्रण चमच्याने खाली ढकलावे.

हा क्रम उलटला तर काय होते तेही सांगितले पाहिजे. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते हे थंडीत बाटलीत आपण पाहतोच. नारळाचे दूध सरळ गोठलेल्या फोडींवर ओतले की त्यातील स्निग्ध अंश तसाच थिजतो आणि स्मूदीत पांढरे, मेणासारखे कण दिसतात, जे जिभेला आणि टाळूला चिकटतात. आधी काकडीच्या रसात दूध नीट मिसळून घेतले की हा त्रास बराच टळतो. जास्त वेळ फिरवल्यानेही नुकसानच होते, कारण मोटरच्या उष्णतेने गोठवलेले फळ वितळते आणि पुदिना काळसर पडतो.

लिंबाचा रस, जिरेपूड आणि सैंधव सर्वांत शेवटी, चव पाहत घालावे. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून ताजे खरबूज गोड लागले तरी स्मूदी कधी कधी सपक वाटते. अशा वेळी हात साखरेकडे जातो. त्याआधी आणखी चिमूटभर मीठ आणि थोडे लिंबू घालून पाहावे, कारण बहुतेक वेळा तेवढ्यानेच फळाची गोडी वर येते. तरीही कमी वाटले तर किसलेला गूळ घालावा. मिश्रण गाळू मात्र नये. फळाभाजीतला तंतुमय भाग पोटात जावा म्हणून तर आपण रस न काढता स्मूदी करतो. मधुमेह असणाऱ्यांनी खजूर आणि गूळ वगळून अर्धा पेलाच घ्यावा आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी विचारावा.

सब्जा अर्धी वाटी पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवला की प्रत्येक बीभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण तयार होते. तो मिक्सरमध्ये न घालता पेल्याच्या तळाशी एक-दोन चमचे घालून वर स्मूदी ओतावी. लहान मुलांना देताना तो पूर्ण फुगल्याची खात्री करून घ्यावी.

खरबूज चांगले मिळाले नाही तर याच पद्धतीने पिकलेली पपई वापरता येते. पपईतील पपेन हे द्रव्य दुधातील प्रथिने तोडते आणि म्हणूनच पपईचा मिल्कशेक थोड्या वेळाने कडवट लागतो. येथे गाईम्हशीचे दूध नसल्यामुळे ती अडचण येत नाही. पपईला लिंबू मात्र थोडे जास्त लागते. हापूस आंबा घ्यायचा असेल तर काकडीऐवजी कोवळे गाजर घ्यावे, ते आधी वाफवून गार करावे आणि खजूर पूर्ण वगळावेत. कलिंगडाला मी नारळाचे दूध लावत नाही. गोठवलेल्या कलिंगडात काकडी आणि दोन चमचे कोकम आगळ घालते. आगळात मीठ असतेच, म्हणून सैंधव घालू नये.

ही स्मूदी केल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत संपवावी. फ्रीजमध्ये ठेवली तर पाणी सुटते आणि वर नारळाचा स्निग्ध थर जमतो, जो पुन्हा ढवळून पहिल्यासारखा होत नाही. उरणार असे दिसले तर सब्जा घालण्यापूर्वीच ती कुल्फीच्या साच्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावी. संध्याकाळपर्यंत मुलांसाठी चांगली गोठलेली कुल्फी तयार होते, आणि साचा क्षणभर नळाच्या पाण्याखाली धरला की ती सहज सुटते.