वारा आत, ऊन बाहेर: कोकणात घर बांधताना

लडाखमध्ये घर बांधणारा माणूस दक्षिणेला मोठ्या काचा लावतो, आत जाड भिंत घालतो आणि दिवसभर साठवलेली ऊब रात्री पुरवून वापरतो. सूर्याचा हिशोब करून बांधलेल्या घरांची चित्रं बहुतेक याच धर्तीची असतात. तसलं घर रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात बांधलंत तर मे महिन्यात त्याची भट्टी होईल. आपल्याला सूर्याचा हिशोब करायचा तो त्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी.

आपला खरा पेच पश्चिमेचा आहे. समुद्र तिकडे, म्हणून दुपारचा खारा वारा तिकडून येतो. उतरतं ऊनही तिकडूनच आणि जूनमधली पावसाची झडही तिकडूनच. खिडकी ठेवली की तिघेही आत, भिंत घातली की तिघेही बाहेर. आपल्याला हवा आहे फक्त वारा.

पायरी 1: नकाशाआधी जागेवर जा

मे महिन्यात दुपारी तीन ते सहा प्लॉटवर थांबा. एका उंच काठीला चिंधी बांधा आणि वारा नेमका कुठून येतो ते पाहा. शेजारची इमारत किंवा टेकाड त्याला वळवतं, हे कागदावर कळत नाही. जमल्यास ऐन पावसातही एक फेरी मारा.

दुपारच्या सावल्याही बघून ठेवा. रत्नागिरीचे अक्षांश साधारण 17. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा लागतो. बरेच जण तो गाळतात, कारण ‘उत्तरेला ऊन नसतं’ असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

पायरी 2: घराची लांबी ठरवा

जागा मोकळी असेल तर घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे पश्चिमेला अरुंद बाजू येते. वारा समोरूनच यायला हवा असं नाही. खिडकीवर तिरका आलेला वाराही आत शिरतो. पण किनाऱ्यालगत रस्ते बहुधा दक्षिणोत्तर जातात आणि प्लॉट त्यांच्याकडे तोंड करून असतात. अशा वेळी लांब बाजू पश्चिमेला येणं टळत नाही. मग पुढची पायरी अधिकच मनावर घ्या.

पायरी 3: पश्चिमेला छज्जा नको, पडवी

दक्षिणेचं सोपं आहे. तिथे ऊन उंचावरून येतं. 4 फूट उंच खिडकीवर 2 फुटांचा छज्जा काढला तर मार्चच्या अखेरीपासून उन्हाळाभर भर दुपारी ती पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात खालच्या अर्ध्या भागावर थोडं ऊन येईल, ते कुणाला नको असतं?

पश्चिमेला हेच गणित कोलमडतं. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता रत्नागिरीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंशांवर असतो. त्या उन्हापासून 4 फुटांची खिडकी झाकायची तर छज्जा 8 फूट पुढे काढावा लागेल. 8 फुटांच्या छपराला आपल्याकडे पडवी म्हणतात, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना तिची रुंदी कोणत्याही कोष्टकावरून काढावी लागली नव्हती.

पडवीची वळचण मुद्दाम खाली उतरवा, साडेसहा फुटांच्या आसपास. ऊन भिंतीच्या पायथ्याशी अडतं, पागोळ्या दूर पडतात आणि वारा बिनबोभाट आत येतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मुंबईत 1983 साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत हीच युक्ती उभी रचली. समुद्राचं दृश्य आणि वारा पश्चिमेला, ऊन-पाऊसही पश्चिमेला. म्हणून त्यांनी दोन मजली उंचीच्या गच्च्या मध्ये घालून राहत्या खोल्या मागे घेतल्या.

हल्ली मात्र पडवी काढून तिथे ‘सी व्ह्यू’साठी सरकत्या काचांची भिंत बसवतात. आमच्या नात्यातल्या एका घरात अशी काच आहे. तिच्यासमोर दिवसभर जाड पडदा असतो आणि दृश्य बघायला सगळे गच्चीवर जातात.

पायरी 4: वाऱ्याला बाहेर पडायची वाट द्या

वारा आत यायला जेवढी जागा, निदान तेवढीच बाहेर जायला हवी. पश्चिमेच्या खिडकीसमोर पूर्वेला दार किंवा खिडकी असू द्या आणि मधल्या भिंतीत वर झरोके ठेवा, म्हणजे दारं लावली तरी हवा खेळते. हिवाळ्यातल्या रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, तेव्हा पूर्वेच्या खिडक्या वारा घेतात. झोपायच्या खोलीला त्या हव्यातच. स्वयंपाकघर पूर्वेकडे ठेवलं की दुपारी फोडणीचा धूर घरभर न फिरता बाहेर निघून जातो.

किती उघडं ठेवावं? केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने घरांसाठी काढलेल्या 2018च्या इको निवास संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या भागाचं प्रमाण चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश दिलं आहे. म्हणजे 120 चौरस फुटांच्या खोलीला 20 चौरस फूट. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, म्हणून मोजताना अर्धीच धरा. डासांची जाळी वारा बराच अडवते. ती प्रत्येक खिडकीला लावण्यापेक्षा पडवीच्या पूर्ण लांबीला लावली तर वाऱ्याला मोठं तोंड मिळतं.

पावसात काचा लावून बसलं की भिंतींना बुरशी धरते. त्यावर झिलमिलीच्या लाकडी झडपा हा उत्तम उपाय. फळ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या असल्या की पाणी बाहेर आणि हवा आत.

पायरी 5: छप्पर, जिथे खरी लढाई आहे

दिवसभर सर्वात जास्त ऊन खातं ते छप्पर. उघडा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापतो आणि रात्री बिछान्यावर उष्णता ओततो. शक्य असेल तर मंगलोरी कौलं, खाली माळा, आणि दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत जाळीची भोकं, म्हणजे माळ्यातली गरम हवा निघून जाते. स्लॅब घालायचाच असेल तर त्यावर हातभर उंच, चारही बाजूंनी मोकळं दुसरं छप्पर घ्या. गळतीसाठी म्हणून लोक पत्र्याची शेड घालतात, ती नकळत हेही काम करते. नुसता पांढरा रंग द्यायचा तर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात द्या. आधी दिलात तर मृगाच्या पावसात शेवाळ धरून तो काळा पडतो.

भिंतींबद्दल थोडंच. देशावर जाड भिंती कामाला येतात कारण तिथल्या रात्री गार होतात. किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी, त्यामुळे तापलेली भिंत निवायला वेळ लागतो. चिरा, म्हणजे जांभा दगड, जरूर वापरा, पण त्यावर ऊन पडू देऊ नका. अंगणात पेव्हर ब्लॉक घालू नका. माती, गवत, सारवलेलं खळं यांवरून आलेला वारा कमी तापतो. पश्चिमेला आंब्यापेक्षा माड बरा, कारण खाली नुसता बुंधा, वारा मोकळा. फक्त घरापासून एवढा दूर लावा की नारळ कौलावर पडायला नको.

लोखंडी गज आणि बिजागऱ्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात. बिजागऱ्या पितळेच्या घ्या आणि पडवीचे खांब चिऱ्याचे किंवा लाकडाचे करा. खांबांना बांधकामाच्या वेळीच कड्या बसवून ठेवा, म्हणजे पावसाची झड अडवणारे झावळ्यांचे झाप मेच्या शेवटी बांधायला आणि गणपतीनंतर सोडायला शिडी लागणार नाही.