हात रिकामा दिसला पाहिजे

लग्नात किंवा वाढदिवसाला चार नाण्यांचा प्रयोग करून उठलो की एखादा तरी पोरगा पार्किंगपर्यंत मागं येतो. "दादा, हे शिकायचं असंल तर सुरुवात कुठनं करायची?" गाडीला किल्ली लावता लावता जे सांगता येत नाही ते इथं लिहितोय. गेली सोळा वर्षं मी कोल्हापुरात आणि इचलकरंजी-सांगलीपर्यंत जवळून बघायची जादू करतोय. स्टेज नाही, पेटी नाही, पडदा नाही. बघणारा दोन फुटांवर आणि मधे फक्त माझे हात. दिवसा एका औषधाच्या दुकानात हिशेब बघतो, संध्याकाळी आणि सुट्टीला हे काम.

आधी नाण्याचं बोलू. बहुतेकजण इथंच अडतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात. व्हिडिओतल्या परदेशी जादूगाराच्या हातात बऱ्याचदा अमेरिकन अर्धा डॉलर असतो. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर, वजन ११.३४ ग्रॅम. आपण शिकायला घेतो खिशातला रुपया. २०११ पासूनचा रुपया फार तर २२ मिलिमीटरचा, वजन चार ग्रॅमपेक्षाही कमी. अंगठ्याखालचा उंचवटा आणि समोरचं करंगळीकडचं मांस यांच्या चिमटीत नाणं धरायचं, याला आम्ही क्लासिक पाम म्हणतो. मोठ्या माणसाच्या तळहातात हा रुपया तिथं टिकतच नाही. मग पोरगं म्हणतं, माझा हात जादूचा नाही. हात चांगलाच असतो, नाणं चुकीचं असतं.

दहाचं दोन धातूंचं नाणं घ्या, २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅम. किंवा जुनी नाणी विकणाऱ्याकडून १९७५ च्या सुमाराचे तांबे-निकेलचे रुपये घ्या. ते २८ मिलिमीटरचे, वजनाला आठ ग्रॅम, आणि कडेला हाताची पकड छान बसते. आजीच्या डब्यात राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया असेल तर तुम्ही नशीबवान. साडेतीस मिलिमीटरच्या आसपासचा आणि ११.६६ ग्रॅमचा तो बंदा रुपया अर्ध्या डॉलरचा जवळजवळ जुळा भाऊच आहे. माझे चार रुपये मी गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, तीन वर्षांत एकेक करून घेतले. चांदीचा एक गुण कुणी सांगत नाही. दोन नाणी हातातल्या हातात एकमेकांना घासली तरी ती स्टीलच्या नाण्यांसारखी किरकिरत नाहीत. लपवलेलं नाणं वाजलं की सगळं संपलं.

आता मुख्य मुद्दा. नाणं लपवायला महिन्याभरात येतं. ते लपलेलं असताना हात रिकामा दिसणं, यात माझी वर्षं गेली.

हे मला कुठल्या जादूगारानं शिकवलं नाही. कॉलेजला असताना मी केएमटीनं, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसनं, जायचो. त्या बसमधले एक कंडक्टर डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या मुळाशी चार-पाच नाणी धरून असायचे. त्याच हातानं ते दांडा पकडायचे, घंटीची दोरी ओढायचे, "पुढं सरका पावणं" म्हणत बोट दाखवायचे. नाणी पडायची नाहीत आणि कुणाला दिसायचीही नाहीत. बोटं जरा वाकलेली, अंगठा सैल, मनगट मऊ. आम्ही ज्याला फिंगर पाम म्हणतो तो हाच. मी घरी आरशासमोर तीच पकड करायचो, पण माझा अंगठा ताठ उभा राहायचा आणि सगळा हात लाकडाचा दिसायचा. त्यांना काही लपवायचं नव्हतं, म्हणून त्यांचा हात जिवंत होता.

तेव्हा पहिले पंधरा दिवस एकही प्रयोग करू नका. नाणं बोटांच्या मुळाशी ठेवा आणि कामाला लागा. त्याच हातानं चहाचा कप उचला, पेन धरा, चपलेचा पट्टा लावा, फोन कानाला लावा. गाडी चालवताना मात्र नको. मी दुकानात बिलं फाडताना हेच करायचो. टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) हा अमेरिकन जादूगार पुढं नाण्यांचा राजा म्हणून गाजला. तोही आधी रेल्वेत तारेचं काम करायचा आणि ड्यूटीवरच सराव करायचा. नोकरी आहे म्हणून वेळ नाही, असं म्हणणाऱ्यांना मी त्याचं नाव सांगतो. नाणं हातात आहे हे तुम्ही स्वतः विसरलात आणि अर्ध्या तासानं आठवलं, की हात तयार झाला समजा.

त्यानंतर नाणं गायब करणं. सगळीकडं फ्रेंच ड्रॉप आधी शिकवतात. मला ते पटत नाही. एका हाताच्या बोटांच्या टोकावर आडवं धरलेलं नाणं दुसऱ्या हातानं वरून झाकून घेणं, असं भाजी घेताना तुम्ही कधी केलंय? त्यापेक्षा उजव्या हातातलं नाणं डाव्या तळहातावर ठेवायची साधी क्रिया घ्या. आधी शंभर वेळा खरोखर ठेवा. ठेवताना डोळे कुठं जातात, डावी बोटं कधी मिटतात, उजवा हात कुठं जाऊन थांबतो, ते नीट बघा. मग खोटं ठेवा. डावी बोटं मिटता मिटता नाण्याची चमक बघणाऱ्याच्या डोळ्यात राहते, आणि त्या क्षणी उजव्या अंगठ्यानं नाणं मागं ओढून बोटांच्या मुळाशी नेलेलं असतं. उजवा हात घाईनं खाली न्यायचा नाही. तो काम संपलेल्या माणसासारखा आपोआप खाली यायला हवा. तुमची नजर डाव्या मुठीवर पाहिजे, कारण नाणं तिथं आहे असं आधी तुम्हाला वाटलं पाहिजे.

सराव गादीवर करा, पडलेलं नाणं शोधत बसावं लागत नाही. आरसा थोडाच वापरा, मोबाइलवर चित्रण जास्त. आरशात बघताना नेमक्या त्या क्षणी आपण पापणी मिटतो आणि आपली चूक आपल्यालाच दिसत नाही. मोबाइल पापणी मिटत नाही.

बोलणं हा हातचलाखीचा अर्धा भाग आहे. प्रश्न विचारला की माणूस तुमच्या तोंडाकडं बघतो. "पावणं, गाव कुठलं?" एवढं म्हटलं की समोरचा "कागल" म्हणेपर्यंत नजर वर असते. तेवढा वेळ भरपूर आहे. पण लहान पोरांना हे लागू नाही. सुरुवातीच्या काळात राजारामपुरीत एका वाढदिवसाला पाच-सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडं न बघता सरळ माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "काका, त्या हातात हाय." सगळी पोरं ओरडली. मी हात मागं घेतला, ते त्याहून वाईट झालं. त्या वयाची मुलं गप्पांना भुलत नाहीत, ती हातच बघतात. त्यांच्यासाठी नाणं आधीच खिशात टाकून दोन्ही हात खरोखर रिकामे करण्याची रचना पाहिजे. तेव्हापासून मी मुलांसाठी वेगळे प्रयोग बसवले.

आपल्याकडं माणसं खुर्चीत बसून बघत नाहीत, गोल करून उभी राहतात. पाठीमागून, काखेतून, खांद्यावरून बघतात. त्यामुळं शक्यतो भिंतीला पाठ लावा आणि फिंगर पामवर भर द्या, बोटांची मागची बाजू लोकांकडं राहते. अजून एक, लग्नात जेवणाआधी प्रयोग करा. जेवणानंतर नाणं कुणाच्या हातात तपासायला दिलं तर ते तांबड्या रश्श्याचं तेल घेऊन परत येतं आणि तुमच्या तळहातातून निसटतं. मी खिशात कोरडा सुती रुमाल ठेवतो.

सिगारेटचे प्रयोग पुष्कळजण विचारतात. कला म्हणून तो मोठा प्रांत आहे. वेल्समध्ये जन्मलेला रिचर्ड पिचफोर्ड, रंगमंचावरचं नाव कार्डिनी (१८९५–१९७३), याच्या हातात पेटत्या सिगारेटी एकामागून एक यायच्या. त्याचं काम बघताना मला आजही गहिवरून येतं. सिगारेट नाण्यापेक्षा अवघड आहे. ८४ मिलिमीटर लांब, आठेक मिलिमीटर जाड, घामानं कागद ओला होतो, तंबाखूची कणी गळते आणि टेबलावरची एक कणी सगळं सांगून टाकते. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ती धरायची, टोक मनगटाकडं. सरावासाठी खरी सिगारेट नकोच. शिसपेन्सिल ८४ मिलिमीटरला कापा, वर पांढरा कागद गुंडाळा, जाडी बरोबर येते.

पेटती सिगारेट मी वापरत नाही आणि नवीन माणसानं वापरू नये. भाजण्याची भीती आहेच. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, आणि हॉटेल असो की कार्यालय, आपली कामाची जागा तीच. माझं खरं कारण वेगळं आहे. एका घरगुती कार्यक्रमात सातवीतल्या मुलानं माझी न पेटवलेली सिगारेट उचलून अगदी सराईतपणे ओठात धरली आणि सगळे कौतुकानं हसले. त्या दिवसापासून मी खडू वापरतो. शाळेतला पांढरा खडू त्याच मापाचा असतो, तसाच गायब होतो आणि कानामागून निघतो. फक्त हाताला पांढरं लागतं, म्हणून खडूवर मेणबत्तीचं मेण हलकं घासून घ्या.

पैशाचं थोडक्यात. निम्मे आधी घ्या. एका मोठ्या लग्नात मी तीन तास टेबलं फिरलो, "नंतर बघू" एवढंच ऐकलं आणि ते नंतर कधी आलं नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. ही हातचलाखी आहे, हे प्रत्येक कार्यक्रमात तोंडानं सांगायचं. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी सांगितलं असतं. कारण लोक विश्वास ठेवतात. गंगावेशीजवळ एका बारशात मी एका आजींच्या पदराजवळून चांदीचा रुपया काढला. कार्यक्रम संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन गेल्या, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पाचशेच्या दोन नोटा पुढं केल्या. "लेकरा, एवढं दुप्पट करून दे. नातीची फी भरायची हाय."

गुपित सांगायचं नाही हा आमचा नियम. मी तो मोडला. नोटा त्यांच्या मुठीत परत ठेवल्या, जिन्यावर त्यांच्याशेजारी बसलो आणि रुपया बोटांच्या मुळाशी कसा राहतो ते सावकाश तीनदा दाखवलं. म्हणालो, आजी, माझ्याकडं एवढंच आहे. त्यांनी रुपया मागून घेतला, बोटं मिटली, हात सहज मांडीवर टाकला. अंगठा सैल, मनगट मऊ. नाणं कुठंच दिसत नव्हतं.

"असंच की," त्या म्हणाल्या. "बाजाराला जाताना गाडीभाडं असंच धरती मी."