स्वयंपाकघर नवं करताना डिझायनर घ्यावा का? बेळगाव भागातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

भाकरी थापताना खांदे भरून यायला लागले, तेव्हा मी पहिल्यांदा टेप घेऊन आमचा नवा कट्टा मोजला. ३६ इंच. माझी उंची पाच फूट. बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घरात तीस वर्षं ज्या कडप्प्याच्या कट्ट्यावर सासूबाईंनी आणि मी स्वयंपाक केला, तो ३१ इंचांचा होता. तो फोडून ग्रॅनाइटचा केला आणि पाच इंच कुठून वाढले हे कुणालाच सांगता येईना. मग उलगडलं. सुताराकडच्या ट्रॉलीच्या खोक्याचं माप ठरलेलं होतं. खाली चार इंचांचे पाय, त्यावर ३१ इंचांचा खोका, वर ग्रॅनाइट. गवंड्यानं ते माप धरलं आणि मोकळा झाला. स्वयंपाक कोण करणार, हे कुठल्याच कागदावर नव्हतं, कारण कागदच नव्हता.

तेव्हापासून ओळखीतलं कुणीही स्वयंपाकघर काढायला निघालं की मला विचारतं, "डिझायनर घ्यायचा काय? सुतार हाय की आपला." माझं उत्तर घराघराप्रमाणे बदलतं. पण डिझायनर न घेता होणाऱ्या चुका आणि डिझायनर घेऊनही होणाऱ्या चुका, दोन्ही मी जवळून पाहिल्या आहेत.

तोंडी मापांवर काम सोडणं

आमच्या भागात एका स्वयंपाकघरात तीन-चार भाषा राबतात. गवंडी कन्नड बोलणारा, सुतार बहुतेकदा राजस्थानचा, फरशी बसवणारा हिंदीत बोलणारा आणि घरातली बाई मराठी. सगळ्यांना एकमेकांचं थोडंथोडं कळतं, आणि या थोड्या कळण्यानंच घात होतो. "सिंक खिडकीखाली घ्या" म्हटलं की गवंडी "आग्तद्री, आग्तद" म्हणतो. होईल, पण खिडकीच्या मध्यावर की कडेला, सांडपाण्याचा पाइप कुठून, नळ भिंतीतून की कट्ट्यातून, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं.

आकडे मात्र सगळ्यांना सारखेच वाचता येतात. म्हणून चांगल्या डिझायनरकडून घ्यायची पहिली वस्तू म्हणजे मापांचा नकाशा. फोनवर फिरवून दाखवतात ते रंगीत थ्रीडी चित्र बघायला छान असतं, पण त्यावरून गवंड्याला एक वीटही बसवता येत नाही. वरून दिसणारा नकाशा, प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जागा, विजेचे पॉइंट जमिनीपासून किती इंचांवर, एवढं कागदावर आलं पाहिजे. ते देणार नसेल तर तो डिझायनर तुमच्या कामाचा नाही.

"डिझाइन फुकट" ऐकून निश्चिंत होणं

खानापूरच्या आमच्या नणंदेनं असंच केलं. एका दुकानात मॉड्युलर किचन घेतलं तर डिझाइन फुकट होतं. मुलगा आला, मापं घेऊन गेला, दोन दिवसांत सुंदर चित्र पाठवलं. पांढरी चकचकीत दारं, खाली जमिनीपर्यंत टेकलेले खोके. दुसऱ्याच पावसाळ्यात सिंकखालचा तळ फुगला आणि दार बसेना. उघडून पाहिलं तर आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता. त्या मुलाचं काम माल विकण्याचं होतं. दुकानात एमडीएफ होतं, म्हणून चित्रात एमडीएफ आलं. त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. विचारायला हवं होतं ते वन्संनी विचारलं नव्हतं.

फुकट डिझाइनची किंमत मालाच्या दरात असतेच. त्यापेक्षा डिझायनरला त्याच्या कामाचे पैसे वेगळे द्यावेत आणि माल कुठून घ्यायचा हे आपण ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. फी तीन तऱ्हांनी लावतात: एकूण खर्चाच्या टक्क्यांवर, चौरस फुटावर किंवा ठोक. समजा फर्निचरचं काम तीन लाखांचं आणि फी ८ टक्के, तर २४,००० रुपये. डिझायनर जीएसटी लावणारा असेल तर १८ टक्क्यांनी आणखी ४,३२०. टक्क्यांच्या फीत एक अडचण आहे. खर्च वाढला की त्याची फीही वाढते. म्हणून लहान घराला ठोक फी बरी. नुसते नकाशे करून घ्यायचे आणि देखरेख आपण करायची, अशीही बोली होऊ शकते. निपाणीच्या माझ्या भावानं तशीच केली.

अजून एक. आर्किटेक्ट ही पदवी १९७२च्या कायद्यानं बांधलेली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरला मात्र असं बंधन नाही, पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून पाटी बघू नका. त्यानं केलेलं, निदान दोन पावसाळे पार पडलेलं एखादं स्वयंपाकघर जाऊन बघा. सिंकखालचं दार उघडा, वाका, वास घ्या. त्या घरच्या बाईला कट्ट्याची उंची विचारा.

हवापाणी न सांगता डिझाइन मागवणं

मुलं पुण्यात किंवा बेंगळुरूत असतात आणि तिकडूनच डिझायनर ठरवतात. तो बिचारा आपल्या शहराच्या हिशेबानं काढतो. बेळगाव म्हटलं की त्याला एक नाव दिसतं, पण या एका जिल्ह्यात दोन टोकं आहेत. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीकडं, जांबोटी-खानापूरच्या पट्ट्यात पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही. भिंती ओल धरतात, कपाटात कपड्यांना बुरशी येते. उलट अथणी-रायबागकडं कोरडं, आणि बोअरचं पाणी क्षाराचं.

ओल्या पट्ट्यात सिंकखाली आणि खालच्या खोक्यांना आयएस (भारतीय मानक) ७१० शिक्क्याचं मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायच घ्या. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणतो त्यावर जाऊ नका, शिक्का प्लायच्या तक्त्यावरच असतो, तो वाचा. आयएस ३०३ हा साध्या प्लायचा शिक्का, तो वरच्या कपाटांना चालतो. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी हवी, कारण पाणी कडेतूनच शिरतं. खोके जमिनीवर टेकवायचे नाहीत, चार इंच पायांवर उचलायचे. ओल येणाऱ्या भिंतीला खोक्याची पाठ चिकटवायची नाही, आधी ओलीचं कारण काढायचं. गणपतीच्या आधी नवं स्वयंपाकघर हवं म्हणून ऐन जुलैत गिलावा करून त्यावर लगेच फर्निचर ठोकणारी घरं मी पाहिली आहेत. गिलावा वाळलेलाच नसतो. ते काम दिवाळीनंतर काढा.

क्षाराच्या पाण्याकडं काळा चकचकीत ग्रॅनाइट घेऊ नका. नळाभोवती पांढरे डाग पडतात आणि पुसून पुसून हात दुखतात. फिकट, दाणेदार ग्रॅनाइट बरा.

भांडी न मोजणं

चित्रातल्या ड्रॉवरमध्ये सहा ताटं आणि चार वाट्या दिसतात. आपल्या घरात काय असतं? शेतातून आलेली तांदळाची पोती, ज्वारीचं पिंप, लोणच्याच्या बरण्या, तांब्याचा हंडा, परात, गौरी-गणपतीला लागणारी मोठी पातेली. पाणी रोज येत नाही त्या गल्ल्यांत भरून ठेवायला टाकी किंवा पिंपं लागतातच. यातलं काही डिझायनरला सांगितलं नाही, तर सगळं पुन्हा माळ्यावर आणि जिन्याखाली जातं.

डिझायनरला बोलवायच्या आधी एक दिवस काढा. सगळ्यात उंच डबा, सगळ्यात रुंद परात, मिक्सर, ओला ग्राइंडर मोजून लिहा. ड्रॉवरची खोली त्यावरून ठरते. पोत्यासाठी ट्रॉली कधीच नको, खाली मोकळी जागा ठेवा.

आणि स्वयंपाक करणारीची उंची. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार ते सहा इंच वजा करा. तो तुमचा कट्टा. भाकरी थापायला, कणीक मळायला वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी सहा इंच वजा केलेलंच बरं. सासू-सून दोघी स्वयंपाक करत असतील आणि उंचीत फरक असेल, तर हा प्रश्न डिझायनरला पहिल्याच भेटीत विचारा. उत्तरादाखल त्यानं कट्ट्याचा एक भाग खाली घ्यायचं सुचवलं, तर माणूस कामाचा आहे असं समजा.

भिंत पाडायचा निर्णय डिझायनरवर सोडणं

जुन्या गल्ल्यांतल्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड आणि बहुतेकदा त्यांच्यावरच वरचं सगळं वजन असतं. माजघर आणि स्वयंपाकघर एक करायची हौस आता सगळीकडं आहे. ती भिंत काढता येते की नाही, आणि काढली तर तिथं कसली तुळई टाकायची, हे सांगायचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. डिझायनरचा नाही, गवंड्याचा तर नाहीच. इथं काटकसर करू नका. एवढी एकच गोष्ट तुम्ही या लेखातून घेतलीत तरी मला पुरे.

गॅस आणि वायरी शेवटी आठवणं

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साठतो. तरी सिलिंडर दिसू नये म्हणून त्याला बंद कपाटात कोंडतात. कट्ट्याखाली ठेवायचाच असेल तर दाराला खाली जाळी किंवा भोकं हवीत, सिलिंडर उभाच हवा आणि रबरी नळी दीड मीटरहून लांब नको. नळीवरची तारीख बघून ती पाच वर्षांनी बदला. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर, आणि तिचा पाइप शक्य तितका सरळ बाहेर. आपल्या फोडणीला पाइप नसलेली चिमणी काही कामाची नाही.

मायक्रोवेव्ह, ओव्हन, गीझर यांना १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट लागतात, आत निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मोठ्या ओव्हनला ४ ची. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच हवाच, ओल्या हातांचं घर आहे ते.

दर चुकीच्या मापात ताडून बघणं

सुतार चौरस फुटावर दर सांगतो, कंपनी रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटावर. दहा फूट लांबीचं सरळ काम, खाली अडीच फूट उंच आणि वर दोन फूट, म्हणजे ४५ चौरस फूट. सुतारानं १,५०० सांगितले तर ६७,५०० रुपये. कंपनीचा आकडा रनिंग फुटाला गुणून हाच होतो का बघा, आणि बिजागऱ्या, ट्रॉल्या, ग्रॅनाइट कुणाच्या दरात आहे ते लिहून घ्या. एल आकाराच्या कट्ट्यात कोपरा दोनदा मोजतात. दहा आणि आठ फुटांच्या बाजू असतील तर बेरीज १८, पण कट्टा दोन फूट खोल असताना खरी लांबी १६. डिझायनरच्या कागदावर माप आधीच असलं की हा वाद होत नाही.

मग डिझायनर कुणाला नको?

सिंक आणि शेगडी जागच्या जागी, फक्त दारं आणि ग्रॅनाइट बदलायचा, सुतार ओळखीचा, घरात रोज थांबणारं कुणीतरी आहे, तर नको. वहीच्या चौकटीच्या पानावर एक चौकट म्हणजे सहा इंच धरून स्वतः नकाशा काढा. सिंक दुसऱ्या भिंतीला जाणार असेल, घर जुनं असेल किंवा तुम्ही परगावी असाल, तर घ्या.

काम बिघडलंच असेल तर

कट्टा उंच झाला तर फोडू नका. मी भाकरीसाठी २९ इंचांचं एक भक्कम टेबल करून शेजारी लावलं, खांदे थांबले. सिंकमधून वास येत असेल तर खाली वाकडा ट्रॅप आहे का बघा. त्यात पाणी अडून राहतं म्हणून वास वर येत नाही, सरळ नळी लावली असेल तर येणारच. पाणी तुंबत असेल तर पाइपाला फुटामागे पाव इंच उतार आहे का मोजा. सिंकखालचा खोका फुगला असेल तर सगळं किचन काढायची गरज नाही. वन्संनी तेवढाच खोका मरीन प्लायचा करून घेतला, पायांवर उचलला आणि ग्रॅनाइट-सिंकच्या सांध्यात नव्यानं सिलिकॉन भरलं. दुकानदार दाद देत नसेल आणि पक्की पावती असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहेच. कच्च्या चिठ्ठीवर मात्र फारसं काही हाती लागत नाही.

पैसे टप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, खाली हात लावून बघा. ओव्हन, मिक्सर, गीझर एकदम चालवा. आणि भिंती बंद व्हायच्या आधी पाइप-वायरींचे फोटो काढून नकाशाबरोबर ठेवा, पुढं कधीतरी खिळा ठोकताना लागतील.