ग्रामोफोन पुरस्कारांच्या आधाराने पाश्चात्त्य अभिजात संगीत कसे ऐकावे

बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना) ऐकायची असे ठरवून नवा श्रोता शोध घेऊ लागला, की एकाच रचनेची कितीतरी ध्वनिमुद्रणे त्याच्यापुढे येतात आणि त्यांतले कोणते आधी ऐकावे हे सांगणारे जवळ बहुधा कोणी नसते. अशा श्रोत्याने उत्कृष्ट ध्वनिमुद्रणांसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांचा आधार अवश्य घ्यावा. मात्र तो कसा घ्यायचा हे आधी समजून घ्यावे.

सुरुवात लंडनहून निघणाऱ्या ‘ग्रामोफोन’ मासिकाच्या पुरस्कारांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९२३ साली सुरू केलेले हे मासिक प्रारंभापासून ध्वनिमुद्रणांच्या समीक्षेला वाहिलेले असून त्याचे वार्षिक पुरस्कार १९७७पासून दिले जातात. ऑर्केस्ट्रा, कंचेर्टो (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांसाठीची रचना), चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठीचे संगीत), ऑपेरा, समूहगान, प्राचीन संगीत, समकालीन संगीत अशा विभागांतून एकेक ध्वनिमुद्रण निवडले जाते आणि त्यांतूनच वर्षातील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रण ठरते. येथे परीक्षण होते ते वादनाचे, गायनाचे आणि मुद्रणाच्या दर्जाचे. रचना दोनशे वर्षांपूर्वीची असली तरी ती या कलावंतांनी कशी मांडली, हाच प्रश्न असतो. एकच बंदिश मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडून ऐकताना आपण जे शोधतो, ते शोधण्याची सवय मराठी श्रोत्याला आहेच, आणि तीच येथे कामी येते.

कोणत्याही पुरस्काराकडे पाहताना मत कोण देते हे प्रथम पाहावे. ‘ग्रामोफोन’मध्ये निर्णय मासिकाच्या समीक्षकांचा असतो, बीबीसीच्या संगीतविषयक मासिकाच्या पुरस्कारांत परीक्षकांनी काढलेल्या यादीवर सामान्य श्रोते मते देतात, अमेरिकेच्या ग्रॅमीमध्ये संगीतव्यवसायातील सभासद मतदान करतात. त्यामुळे ग्रॅमीच्या याद्यांत अमेरिकन ऑर्केस्ट्रा ठळकपणे दिसतात, तर युरोपातील लहान कंपन्यांची मुद्रणे शोधायची असल्यास समीक्षकांच्या याद्या अधिक उपयोगी पडतात. त्यानंतर विभाग पाहावा. पंडित रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांच्या १९६७च्या संयुक्त ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाली ती चेंबर संगीताच्या विभागात. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक संगीतासाठी तेथे स्वतंत्र अभिजात विभाग आजही नाही, म्हणून या पुरस्कारांच्या यादीवरून आपल्या संगीताचे मोजमाप कोणी करू नये.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. ‘ग्रामोफोन’च्या इतिहासात एक योग असा आहे, की ज्याचा अभ्यासासाठी फार चांगला उपयोग होतो: फ्रेंच संगीतकार कामिय सँ-साँस यांच्या पियानो कंचेर्टोंना वर्षातील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रणाचा मान दोनदा मिळाला आहे. २००२ साली तो इंग्रज पियानोवादक स्टीफन हफ यांना पाचही कंचेर्टोंच्या मुद्रणासाठी मिळाला. त्यात साकारी ओरामो यांच्या संचालनाखाली बर्मिंगहॅमचा सिटी ऑर्केस्ट्रा असून प्रकाशन हायपेरियनचे आहे. २०१९ साली तो बेर्त्राँ शामायू या फ्रेंच वादकाला दुसऱ्या आणि पाचव्या कंचेर्टोसाठी मिळाला. तेथे एमान्युएल क्रिविन यांच्या संचालनाखाली फ्रान्सचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा साथीला असून प्रकाशन एरातोचे आहे.

प्रथम १८६८ सालचा दुसरा कंचेर्टो, जी मायनर या स्वरपट्टीतला, ओपस २२ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक), निवडावा. त्याचा आरंभ ऑर्केस्ट्राशिवाय, एकट्या पियानोने, बाखच्या फँटसीची आठवण देणाऱ्या मुक्त वादनाने होतो. हा आरंभीचा भाग दोन्ही मुद्रणांतून लागोपाठ तीन-चार वेळा ऐकावा आणि फक्त एवढेच पाहावे, की वादक कोठे थांबतो, खर्जातले स्वर किती वेळ घुमू देतो आणि ऑर्केस्ट्रा प्रवेश करतो तेव्हा ताण किती वाढलेला असतो. मग मधली खेळकर हालचाल (मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा एक स्वतंत्र भाग) आणि टारांटेला नृत्याच्या लयीत धावणारी अखेरची हालचाल ऐकावी. द्रुत लयीतही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का, आणि पियानो ऑर्केस्ट्राच्या पुढे आहे की त्यात मिसळलेला आहे, हे तेथे चांगले कळते. यांतली दुसरी गोष्ट वादकाइतकीच मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाची असते. नंतर १८९६ सालच्या पाचव्या कंचेर्टोकडे यावे. तो इजिप्तमधील लक्सर येथे लिहिला गेला आणि त्याच्या दुसऱ्या हालचालीत नाईल नदीवर ऐकलेल्या एका नुबियन प्रेमगीताची धून आहे. एवढे ऐकल्यावर दोहोंपैकी कोणते मुद्रण आपल्याला अधिक रुचले आणि का, हे दोन ओळींत लिहून ठेवावे, व त्यानंतरच समीक्षा वाचाव्यात. आधी वाचल्यास कान समीक्षकाचे होतात.

संगणकावर किंवा फोनवर शोधताना केवळ रचनेचे नाव पुरत नाही. संगीतकार, रचनेचा क्रमांक, वादक किंवा संचालक आणि प्रकाशक या चारही गोष्टी एकत्र लिहाव्यात. मोझार्टसाठी क्योखेल क्रमांक आणि बाखसाठी बीडब्ल्यूव्ही क्रमांक (त्यांच्या रचनांच्या सूचींतले क्रमांक) दिल्यास चुकीची रचना हाती लागत नाही.

पुरस्कारांची एक मर्यादाही ध्यानात असावी. त्यांत मुख्यतः नव्याने प्रकाशित झालेल्या मुद्रणांचा विचार होतो. कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७४ साली मुद्रित केलेली बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी हे पुरस्कार सुरू होण्याआधीची आहे; म्हणून विजेत्यांची यादी म्हणजे सर्वोत्तम मुद्रणांचा संपूर्ण कोश नव्हे. उलट, अंतिम फेरीत पोचून मागे राहिलेली नावेही तितक्याच काळजीने पाहावीत. मोठ्या जाहिरातींशिवाय काम करणारे कलावंत अशा याद्यांमुळेच आपल्यापर्यंत येतात. बेल्जियममधील व्हॉक्स लुमिनिस या छोट्या गायकवृंदाने सतराव्या शतकातील हाइनरिश शुट्झ यांच्या अंत्यविधीच्या संगीताचे केलेले मुद्रण २०१२ साली सर्वश्रेष्ठ ठरले, आणि त्या वृंदाचे नाव जगभर झाले.

सँ-साँसनंतर पुढचा टप्पा म्हणून २०११चे विजेते मुद्रण घ्यावे: पावेल हास क्वार्टेटने सुप्राफोनसाठी वाजवलेली चेक संगीतकार द्वोर्झाक यांची दोन चतुर्वाद्ये (क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांसाठीच्या रचना). त्यांतले ‘अमेरिकन’ म्हणून ओळखले जाणारे चतुर्वाद्य १८९३ साली लिहिलेले आहे. बैठकीची सवय असलेल्या कानाला दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचा संवाद मोठ्या ऑर्केस्ट्रापेक्षा लवकर उमगतो, त्यामुळे हे चतुर्वाद्य त्याच्या विलंबित दुसऱ्या हालचालीपासून ऐकायला सुरुवात केली तरी हरकत नाही.