प्रदर्शन लावायच्या टीममध्ये नाव द्या: कोल्हापुरात आर्टला आलेल्या नवीन पोरापोरींसाठी

दरवर्षी फाउंडेशनला, म्हणजे आर्टच्या पहिल्या वर्षाला, नवीन बॅच आली की मला मेसेज येतात, ताई प्रदर्शनात आमचं चित्र कसं लागेल, सिलेक्शन कोण करतं, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत कधी लावता येईल. चांगलं आहे, इच्छा असलीच पाहिजे. पण मी सगळ्यांना एकच सांगते की पहिल्या वर्षी चित्र लागो न लागो, कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाच्या लावायच्या टीममध्ये नाव द्या. स्वागत कमिटी, सूत्रसंचालन, रांगोळी याला माणसं मिळतात, लावायला मात्र कोणी नसतं, आणि खरं शिक्षण तिथंच आहे. मी स्वतः त्यातनंच शिकले आणि अजून पोरांना लावायला मदत करायला जाते, म्हणून जे माहीत आहे ते सगळं एकदाच लिहून टाकते.

आपण चित्र कायम इझलवर (चित्र काढताना ठेवायच्या स्टँडवर), हाताच्या अंतरावरनं बघतो. भिंतीवर गेल्यावर तेच चित्र दहा फुटांवरनं दिसतं, शेजारी दुसऱ्याचं चित्र असतं, वरनं लाईट असतो आणि समोरनं अनोळखी माणूस चालत येत असतो. वर्गात भारी वाटलेला निळा रंग तिथं काळा दिसतो. हे सर कितीही वेळा सांगू देत, चाळीस-पन्नास चित्रं स्वतःच्या हातानं भिंतीला टेकवून, मागं सरकून, परत पुढं जाऊन बदलल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिला दिवस खिळ्यांचा नसतोच. सगळी चित्रं भिंतीच्या कडेला जमिनीवर उभी करून ठेवायची (खाली थर्माकोल किंवा जुनी चादर, फ्रेमचे कोपरे लगेच टवके उडतात) आणि नुसतं बघत बसायचं. कुठलं चित्र दारातनं शिरल्या शिरल्या दिसावं, कुठली दोन शेजारी आली की एकमेकांना मारतात, कुठल्याला मोकळी भिंत लागते. भडक लाल चित्राशेजारी हलकं जलरंगातलं निसर्गचित्र ठेवलं तर ते बिचारं दिसतच नाही, त्याला कोपरा द्या पण स्वतंत्र द्या. या टप्प्यावर वाद होतात, होऊ देत. फक्त वाद चित्रावरनं घाला, कुणाचं चित्र आहे यावरनं नको.

मग उंची. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर आला पाहिजे, कारण उभ्या माणसाची नजर तिथं असते. आम्ही 58 धरतो. म्हणजे मोठं चित्र असो की छोटं, सगळ्यांचे मध्य एका रेषेत, वरच्या कडा एका रेषेत नव्हेत. खिळा कुठं मारायचा त्याचा हिशोब असा: समजा फ्रेम 30 इंच उंच आहे, तिचं निम्मं 15. मागचा दोरा मधोमध धरून वर ताणायचा आणि तो वरच्या कडेपासून किती खाली येतो ते मोजायचं, समजा 4 इंच. तर 58 अधिक 15 वजा 4, म्हणजे 69 इंचांवर खिळा. दोरा ताणून मोजायला विसरला की चित्र दोन-तीन इंच खाली येणार आणि अख्खी रांग वाकडी दिसणार. नायलॉनचा दोरा नवीन असला तर वजनानं अजून थोडा ताणला जातो, म्हणून जड फ्रेमला तार बरी. आणि एका खिळ्यापेक्षा दोन खिळे अंतर ठेवून मारले तर पंख्याच्या वाऱ्यानं चित्र तिरकं होत नाही. भिंतीला वरनं रेल (हूक अडकवायची पट्टी) असली तर फार सोपं काम आहे, हूक वरखाली सरकवायचे, पण हिशोब तोच.

लेव्हल बघायला स्पिरिट लेव्हल आणा, मोबाईलवरचं चालतंय पण मोबाईलची कड गोल असली की गंडतं. एक जण लांब उभा राहून सांगणार, एक जण हलवणार. जवळ उभा असलेल्या माणसाला चित्र सरळ आहे की नाही ते कधीच कळत नाही.

कागदावरच्या कामांबद्दल जरा जास्त सांगते कारण आपल्याकडं जलरंगाचं काम भरपूर आहे आणि आपल्या पावसाळ्यातली हवा तर माहीतच आहे. कागद ओल धरतो, फुगतो, आणि काचेला चिकटला की तिथं बुरशी येते. म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवलेली पुठ्ठ्याची चौकट, हा दिसायला बरा वाटतो एवढ्यासाठी नसतो, तो काच आणि कागद यांच्यामध्ये फट ठेवतो. माउंट ॲसिड फ्री घ्या, साधा पुठ्ठा वापरला तर काही वर्षांत कडेनं पिवळी-तपकिरी रेघ उमटते. चित्राला मागनं सेलोटेप नाही, डबल टेप तर अजिबात नाही, त्याचा गोंद कागदात मुरतो आणि निघत नाही. वरच्या बाजूला कागदाच्याच दोन बिजागऱ्या करून खळीनं चिकटवायच्या, खालची बाजू मोकळी, म्हणजे कागदाला फुगायला-आक्रसायला जागा राहते.

तैलरंगाला काच लागत नाही, पण तो वाळायला वेळ लागतो हे लोक विसरतात. वरनं सुकल्यासारखा दिसतो, जाड थर आतनं महिनोन्महिने ओला असतो. त्यावर बबल रॅप सरळ गुंडाळून टेम्पोत टाकलं की सगळ्या चित्रावर गोल गोल ठसे. आधी बटर पेपर, मग रॅप, आणि रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला. दोन कॅनव्हास एकत्र बांधताना मध्ये कोपऱ्यांना थर्माकोलचे तुकडे, रंगाला काहीच टेकता कामा नये. टेम्पोवाल्या काकांना आधीच सांगा की हे आडवं एकावर एक रचायचं नाही, उभंच ठेवायचं, ते ऐकतात, नीट बांधून पण देतात.

लाईटचं एक लक्षात ठेवा, म्युझियममध्ये जलरंगाला 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आणि तैलरंगाला 200 च्या आसपास प्रकाश ठेवतात आणि आपल्याकडं भर उन्हात बाहेर 1 लाख लक्सपर्यंत जातो. म्हणजे खिडकीतनं सरळ ऊन पडत असेल त्या भिंतीवर कागदाचं काम लावायचंच नाही. स्पॉट लाईट समोरनं मारला की काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो, तो छताकडनं तिरका यायला पाहिजे.

लेबल छोटी गोष्ट वाटते पण लोक सगळ्यात आधी तीच वाचतात. नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. आकारात उंची आधी, रुंदी नंतर. माध्यम नीट लिहा, नुसतं 'कलर' लिहू नका, 'कॅनव्हासवर ॲक्रिलिक' असं पूर्ण. किंमत लावायची असेल तर आधी फ्रेम, कागद, रंग यांचा खर्च मांडा, मग सरांशी बोला, आणि एकदा लावलेली किंमत ओळखीचा माणूस आला म्हणून तिथंच कमी करू नका. विकलं गेलं की लेबलवर लाल टिकली.

आणि मग उभं राहणं. उद्घाटन झालं, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले की अर्धी पोरं मिसळ खायला जातात. तुम्ही थांबा. कोल्हापूरचा प्रेक्षक वेगळा आहे हो, या गावात आबालाल रहिमानांसारखे चित्रकार होऊन गेले, चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर होऊन गेले, घराघरात कुणीतरी पेटीतले रंग धरलेला माणूस आहे. एकदा आमच्या प्रदर्शनात एक वयस्कर गृहस्थ आले, आयुष्यभर दुकानांचे बोर्ड रंगवलेले. एका मुलीच्या रंकाळ्याच्या चित्रापुढं बराच वेळ थांबले आणि तिला म्हणाले, बाळ, पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं गडद घेतलंस ते बरोबर केलंस, पण त्याची कड तू वरच्याएवढीच धारदार ठेवलीस, पाणी हलतंय की नाही? तिनं दुसऱ्या दिवशी वहीत त्यावर पानभर स्केचेस केली होती. वर्गात वर्षभर क्रिटिक ऐकून जे होत नाही ते अशा एका वाक्यानं होतं, आणि ते वाक्य ऐकायला चित्राजवळ उभं असावं लागतं. कुणी विचारलं तर चित्राची गोष्ट सांगत सुटू नका, आधी त्यांना काय दिसलं ते विचारा.

रिकामा वेळ मिळेल तेव्हा दोन ठिकाणी जाऊन या. एक टाऊन हॉलमधलं म्युझियम, तिथं आबालाल रहिमानांची कामं आहेत आणि इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) ब्राँझची छोटी मूर्ती आहे, ती तर बघाच. दुसरं राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय, सिनेमातले चंद्रकांत म्हणून सगळ्यांना माहीत पण त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं बघून थक्क व्हायला होतं. दोन्हीकडं चित्रांबरोबर ती लावली कशी आहेत तेही बघा, लाईट कुठनं येतोय, लेबल वाचायला वाकावं लागतं का. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात काही ना काही चालू असतंच, जाता-येता डोकावत जा.

हे काम पुढं उपयोगी पडतं का असं पालक विचारतात. पडतं. गॅलऱ्यांना, म्युझियमना, प्रदर्शनं डिझाईन करणाऱ्यांना अशी माणसं लागतात जी चित्र हातात धरायला घाबरत नाहीत आणि निष्काळजीही नसतात. यातच पुढं शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग 1952 पासून आहे. चित्रकारच व्हायचं असेल तरी राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग असतो, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची आहे आणि तिचं प्रदर्शन दरवर्षी भरतं, तिकडं काम पाठवताना फोटो, आकार, फ्रेम, पॅकिंग या सगळ्यात लावायच्या टीममध्ये राहिलेली मुलं पुढं असतात. फोटो काचेशिवाय, ढगाळ उजेडात, मोबाईल चित्राला समांतर धरून काढा, निवड करणारे आधी तोच बघणार.

उतरवायच्या दिवशी पण या. प्रत्येक चित्र यादीशी ताडून, मागं नाव आहे का बघून, ज्याचं त्याच्या हातात देऊन सही घ्यायची. खिळे काढून भोकं पुट्टीनं बुजवायची. टीमची मीटिंग आमच्याकडं दिवाळीची सुट्टी संपली की होते, नोटीस बोर्डवर लागेलच असं नाही, थर्ड इयरच्या कुणाला तरी विचारा आणि येताना स्वतःची मेझरिंग टेप घेऊन या, तिथं असलेली कायम हरवलेली असते.